सान पेद्रोचा धूर

तेम्योंगच्या व्हॅनला तेल प्यायची सवय लागली, त्याला आता बरेच दिवस झाले होते. सकाळी चावी फिरवली की मागून असा निळा धूर निघायचा, की अंगणातली कुत्री उठून दुसऱ्या आळीत झोपायला जायची. त्याची बायको ओपेंग वाळत घातलेले कपडे गोळा करून घरात न्यायची आणि दर वेळी तेच ऐकवायची, "पेट्रोल कमी, तेल जास्त. मालकाच्या वळणावर गेलीय मेली."

"मी काय रोज पितो?"

"तीपण रोज कुठे धूर सोडते? सकाळी आणि उतारावरच सोडते."

व्हॅन जुनी होती. तिने गावातले नारळ वाहिले होते, डुकरं वाहिली होती, नवऱ्यामुली आणि शवपेट्या वाहिल्या होत्या, आणि कधीकधी एकाच दिवशी दोन्ही. तिला झालंय काय हे तेम्योंगला नीट कळलं होतं. इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबराची छोटी टोपडी बसवलेली असतात, त्यांना सील म्हणतात. ती झिजली की वरचं तेल दांडीवरून खाली झिरपतं आणि जळतं. घर त्या धुराला सरावलं होतं, गावही हळूहळू सरावलं असतं. पण मध्ये सान पेद्रो आला.

सान पेद्रो म्हणजे माणसाएवढा लाकडी संत. एका हातात स्वर्गाच्या चाव्या, बाजूला खांबावर लाकडाचाच कोंबडा. तेम्योंगच्या पणज्यापासून तो त्यांच्या ओसरीत उभा होता. त्याला पुसणं, कपडे चढवणं, रोज रात्री त्याला गावातल्या बातम्या सांगणं हे सगळं तेम्योंगची म्हातारी आत्या करायची. तिला सगळं गाव तिया सेपा म्हणे. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत गावातले सगळे संत आपापल्या गाड्यांवरून निघत, आणि चाव्या सान पेद्रोकडे असल्यामुळे सगळ्यांच्या पुढे तो. त्याचा गाडा तेम्योंगच्या व्हॅनला बांधलेला असायचा.

म्हणजे गावातले यच्चयावत संत तेम्योंगच्या धुराच्या मागे चालत होते.

गेल्या वर्षी तर कहर झाला. चर्चपुढचा उतार लागला आणि व्हॅनने पोटातलं सगळं बाहेर काढलं. मागच्या गाड्यावरच्या संत वेरोनिकाच्या हातातलं पांढरं वस्त्र करडं पडलं. माग्दालेनाचा गाडा ओढणारे खोकत खोकत गटारात उतरले. बँडवाल्याने तुतारी तोंडाला लावली आणि तिच्यातून सूर यायच्या ऐवजी शिंक आली. शेवटच्या गाड्यावरची येशूची माता दुःखाच्या काळ्या पोशाखात होती, म्हणून तिचं तेवढं काही बिघडलं नाही.

यंदा पाद्रीबाबांनी तेम्योंगला बाजूला घेतलं. बाबा मवाळ बोलत, त्यामुळे ते जास्तच लागलं. ते म्हणाले, "तेम्योंग, यंदा धूर झाला तर पुढच्या वर्षीपासून सान पेद्रोला गोर्योची गाडी ओढेल."

गोर्यो हा तेम्योंगचा थोरला चुलतभाऊ, कुंपणापलीकडे राहणारा. तेम्योंग त्याला कुया म्हणे, म्हणजे दादा. त्याच्याकडे नवी कोरी गाडी होती. आणि गावाची रीत अशी, की जो संताला ओढतो त्याच्याच घरी संत राहतो. गोर्योने तर ओसरीत काचेचं कपाट करून त्यात दिवासुद्धा लावून ठेवला होता. रिकाम्या कपाटात रात्रभर दिवा जळायचा, आणि तेम्योंगला खाटेवरून तो दिसायचा.

तिया सेपाने ऐकलं आणि आपल्या कपड्यांची पेटी ओढून दाराशी आणली. "सान पेद्रो जाईल तिकडे मी जाणार. त्याला रात्री एकट्याला झोप येत नाही."

"तिया, लाकडाला कसली झोप?"

"तुझ्या कोंबड्याला पंखा लावतोस ना रात्री? मग गप बस."

हे मात्र खरं होतं. तेम्योंगचा झुंजीचा कोंबडा होता, नाव सेन्योर. तांबूस मान, काळी शेपटी, आणि चाल अशी की वाट त्याच्या बापाची. त्याला उकडलेलं अंडं मिळे, अंगाला तेल मिळे, आणि बाकी कोंबड्यांना पायाला दोरी असताना हा मात्र अंगणात मोकळा फिरे. दाणे तो जमिनीवरचे खात नसे. सार्डिनच्या डब्याच्या झाकणात मक्याचे दाणे ठेवून तेम्योंगने हातात धरले, की मगच साहेब चोच लावत. ईस्टरनंतरच्या झुंजीत तो पहिल्यांदा उतरणार होता. ओपेंग म्हणायची, "एवढ्या प्रेमाने मला कधी भरवलं असतंस, तर मीपण कुणाशी तरी झुंजले असते."

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल, गाडी ईस्टरनंतर मिळेल. तेम्योंगने सीलची पुडी घेतली आणि गाडी घरी आणली. डोकं न उतरवता सील बदलायची एक युक्ती त्याने कधीकाळी रस्त्याच्या कडेला एका जीपवाल्याला करताना पाहिली होती. प्लग काढायचा आणि त्या भोकातून आत दोरी सोडायची, चांगली हातभर. मग इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा करून व्हॉल्व्हच्या बुडाशी दाबून धरतो. आता वरची स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडत नाही. सगळा खेळ दोरीचा.

दोरी मात्र सापडेना. कपडे वाळत घालायची होती ती प्लास्टिकची, तिचे तंतू आत सुटले असते. कोंबडे बांधायची होती ती काथ्याची, ती तर आत वळलीच नसती. तेम्योंग घरभर हुडकत फिरला. शेवटी ओपेंगने संताची पेटी उघडली आणि तळातून सुती गोफ काढला, मऊ आणि पिळदार. सान पेद्रोच्या कमरेची जुनी दोरी. नवी आल्यापासून ती पेटीतच पडून होती.

"तियाला कळलं तर?"

"गाडी कुणासाठी करतोयस? त्याच्याचसाठी ना? मग दोरी त्याने द्यायला नको?"

तेम्योंगने क्रुसाची खूण करून दोरी इंजिनात सोडली.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागला होता. मंगळवार सगळा त्यातच गेला. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट काढून तेम्योंग आत उकिडवा बसला होता. गुडघे छातीला आणि मान छताला, वरून काइमितोच्या झाडाचे तांबडे डोंगळे मानेवर उतरत होते. उन्हात पत्रा असा तापला होता की कोपर टेकलं की चटका. स्प्रिंग दाबायला लोखंडी तरफ होती, पण दाबायचं कुणी आणि आतलं काढायचं कुणी, हात तर दोनच. मग ओपेंग आली आणि पदर खोचावा तसा झगा खोचून तरफेवर बसली. स्प्रिंग मुकाट खाली गेली.

"बघ," तेम्योंग खूश होऊन म्हणाला, "तुझ्या वजनाचा आज उपयोग झाला."

"उठू का मी?"

"नको, नको! बोटं आत आहेत!"

स्प्रिंगच्या टोकाशी नखाएवढे दोन अर्धगोल तुकडे असतात, त्यांना लॉक म्हणतात. तेच सगळं धरून ठेवतात. ते चुंबकाने उचलायचे, स्प्रिंग काढायची, जुनं सील पकडीने ओढायचं. सील कसलं, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा झाला होता. पकड लागताच त्याचा भुगा होऊन हातात यायचा. मग नवं सील बोटाने बसवायचं, वरून हलकेच ठोकायचं, स्प्रिंग ठेवायची, ओपेंगने बसायचं, आणि लॉक वंगण लावून पुन्हा जागेवर. एकेक व्हॉल्व्ह करता करता ओपेंग इतकी तयार झाली, की तेम्योंगने मान हलवली की ती बसे आणि नाक ओढलं की उठे.

काढलेले लॉक हरवू नयेत म्हणून तेम्योंग ते एका चपट्या झाकणात ठेवत होता. घरात चपटं झाकण एकच. सार्डिनच्या डब्याचं.

बुधवारी सकाळी शेवटचा व्हॉल्व्ह उरला होता. सील बसलं, स्प्रिंग बसली, ओपेंग बसली. एक लॉक जागेवर गेलं. दुसऱ्यासाठी तेम्योंगने झाकण हातात घेतलं, वंगणाचं बोट पुसायला क्षणभर मान वळवली, आणि हातातलं झाकण जरा हललं. ते हलणं त्याच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी हलायचं तसं.

त्याने पाहिलं तर दारात सेन्योर उभा होता. मान उंच करून त्याने एक घोट गिळला आणि झाकणाकडे पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून.

"ओपेंग," तेम्योंग म्हणाला, "ओपेंग, त्याने..."

"उठू का?"

"त्याने लॉक खाल्लं."

ओपेंग तरफेवर बसल्या बसल्या इतकी हसली, की स्प्रिंग दोनदा निसटता निसटता राहिली. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं. तालुक्याची दुकानं पवित्र आठवड्यासाठी त्या सकाळीच बंद झाली होती, ती सोमवारी उघडणार. एका लॉकवर स्प्रिंग बसत नाही. आणि परवा मिरवणूक.

तेम्योंगने सेन्योरला उचललं. आधी गळा चोळला, मग उलटा धरला, मग खोबरेल पाजलं. सेन्योरला वाटलं, लाड चाललेत. त्याने डोळे मिटून घेतले. ओपेंगने चुंबक आणून त्याच्या गळ्याखालच्या फुगीर पिशवीला लावला, तो पिसांवर टक्कन चिकटला आणि तिथेच राहिला. "इथे आहे बघ," ती म्हणाली. निदान पत्ता तरी लागला होता.

तेवढ्यात कुंपणावर गोर्योचं डोकं दिसलं.

"काय रे तेम्योंग? कोंबडा उलटा का धरलायस? आणि त्याच्या गळ्यात ते काय?"

गोर्योचा हात कोंबड्यांवर चांगला होता. झुंजीच्या आखाड्यात फाटलेले कोंबडे तोच शिवायचा, आणि त्याने शिवलेले कोंबडे पुढच्या मोसमात पुन्हा उतरायचे. हे तेम्योंगला चांगलं माहीत होतं. पण त्याला सांगायचं म्हणजे व्हॅन उघडी पडलीय हेही सांगायचं, आणि मग ते काचेचं कपाट.

"व्यायाम," तेम्योंग म्हणाला. "झुंजीआधी द्यायचा असतो. नवीन पद्धत आहे."

"काही झालंय का त्याला?"

"नाही. काही नाही."

दुपारी मांडवात पुन्हा गाठ पडली. पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखाची पोथी तिथे दिवसरात्र गात, आणि ऐकणाऱ्यांना आल्याचा चहा मिळे. तिया सेपा पुढे बसून गात होती. पेद्रोने गुरूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं आणि तेवढ्यात कोंबडा आरवला, मग तो बाहेर जाऊन ढसढसा रडला, हा भाग तिचा ठरलेला होता. दुसऱ्या कुणी गायला घेतला तर ती त्याच्याकडे अशी बघे, की त्याचा सूरच जाई.

गोर्यो चहाचा कप घेऊन शेजारी बसला. "ठोकाठोकीचा आवाज येतोय तुझ्याकडून. व्हॅन खोललीस का?"

"कोण म्हणतं? ओपेंग मांस कुटत होती."

"पवित्र आठवड्यात मांस?"

"सुकट कुटत होती."

गोर्योने चहाचा घोट घेतला. संध्याकाळी मात्र तो सरळ अंगणातच आला. व्हॅनवर ताडपत्री टाकलेली होती. सेन्योर एका कोपऱ्यात पिसं फुगवून बसला होता, दाणे तसेच पडले होते. गोर्यो त्याच्यापुढे उकिडवा बसला.

"तेम्योंग, याने काही गिळलंय. खरं सांग. सुई गिळली, काय गिळलं? आत्ता सांगितलंस तर..."

"नाही म्हटलं ना कुया! काही गिळलं नाही! उन्हाने झालंय!"

"बरं," गोर्यो म्हणाला आणि गुडघे झटकून निघून गेला. त्याच्या ओसरीत दिवा लागला. तेम्योंग बराच वेळ तिकडे बघत बसला.

गुरुवारी सकाळी चुंबक गळ्याला चिकटेना. तो बराच खाली, पोटाशी चिकटला. तिया सेपाने मांडवातून परत आल्यावर बजावलं, "दुपारची घंटा झाली की लोखंडाचा आवाज नाही आणि रक्त नाही. देव मरणाच्या वाटेवर असताना घरात ठोकाठोकी केलीत तर मी बसमध्ये बसून सान पेद्रोला घेऊन जाईन." तिने सांगितलं म्हणजे सांगितलं. तिने एकदा खरंच संताचं तिकीट काढलं होतं.

तेम्योंग काइमितोखाली बसला. मांडीवर सेन्योर, समोर उघडी व्हॅन. एका बाजूला पणज्यापासूनचा संत आणि म्हातारी आत्या, दुसऱ्या बाजूला हा दीड वर्षाचा जीव. शेवटी तो उठला, कोंबडा काखेत घेतला आणि स्वतःच्या पायांनी कुंपणाला वळसा घालून गोर्योच्या दारात गेला.

"कुया," तो म्हणाला. "त्याने लॉक गिळलंय. व्हॅनचं. काल सकाळी."

गोर्योने हसावं अशी त्याची तयारी होती. गोर्यो हसला नाही. त्याने सेन्योरचं पोट बोटांनी हळूहळू चाचपलं आणि हात तसाच ठेवून खाली बघत राहिला.

"काल ते गळ्याच्या पिशवीत होतं," तो म्हणाला. "एवढासा छेद घेतला असता, दोन टाके घातले असते. पुढच्या मोसमात झुंजलाही असता. आता दगडगोटे असतात त्या पिशवीत उतरलंय. तिथून काढता येत नाही, आणि बाहेरही पडत नाही. आतून झिजवत राहील त्याला." त्याने हात काढून घेतला. "तीनदा विचारलं मी तुला."

तेम्योंगने सेन्योरला आणखी जवळ घेतलं.

"तुला मी काही बोलत नाही," गोर्यो पुढे म्हणाला. "सान पेद्रो मला पाहिजे, खोटं कशाला सांगू? पण कोंबड्याच्या पोटातून नको. दे इकडे, मी करतो."

"नाही. हातात मीच धरणार."

त्याने आधी तळहातावर मक्याचे दाणे घेतले. झाकण नव्हतं, पण सेन्योरने चालवून घेतलं आणि दोन दाणे टिपले. मग तेम्योंगने त्याचे पंख आवळून धरले आणि डोळे मिटले. गोर्योचा हात सराईत होता, आवाजसुद्धा झाला नाही. पंखांची धडपड मात्र तेम्योंगच्या मनगटात बराच वेळ राहिली.

लॉक सापडलं. आतल्या खड्यांनी घासून ते चकचकीत झालं होतं. गोर्योने ते धुऊन, स्वतःच्या सदऱ्याला पुसून तेम्योंगच्या हातात ठेवलं, आणि स्वतः बरोबर आला. ओपेंग तरफेवर बसली, गोर्योने आरसा धरला, तेम्योंगने लॉक बसवलं. सगळं आवळलं, दोरी ओढून काढली आणि प्लग लावला तेव्हा चर्चची घंटा झाली आणि तिया सेपा दारात येऊन उभी राहिली. तिघांनीही हातातली हत्यारं खाली टाकली. टाकल्याचाही आवाज झाला, पण तिने तेवढा सोडून दिला.

ईस्टरपर्यंत घरात मांस शिजणार नव्हतं. ओपेंगने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि फावडं आणून दिलं. सेन्योरला काइमितोखाली पुरलं.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी तेम्योंगने चावी फिरवली. इंजिन लागलं. सगळे मागे बघत उभे राहिले. मागून काहीच आलं नाही. कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली होती, ती गोंधळून परत बसली.

तिया सेपाने सान पेद्रोला जांभळा झगा चढवला आणि कमरेला जुनीच दोरी बांधली. तिच्यावर काळे डाग पडले होते आणि पेट्रोलचा वास मारत होता. ओपेंग पुढे सरसावली.

"तिया, ती नवी बांधूया ना. ही मळलीय."

"त्याच्याच कामात मळलीय," तिया सेपा म्हणाली. "मला काय डोळे नाहीत? मंगळवारी पेटी उघडी होती." आणि तिने गाठ आणखी आवळली.

मिरवणूक निघाली. पण बँडवाले येईनात. धापा टाकत पोचले तेव्हा त्यांचा म्होरक्या म्हणाला, "धूर दिसला नाही, म्हटलं अजून निघालेच नसतील." मागे वेरोनिकाचं वस्त्र पांढरंशुभ्र होतं. माग्दालेनावाल्यांनी तोंडाला बांधायला फडकी आणली होती, ती त्यांनी गुपचूप खिशात घातली. चर्चपुढच्या उतारावर पाद्रीबाबा स्वतः बाजूला उभे राहून व्हॅनच्या नळीकडे बघत होते. व्हॅन निघून गेली तेव्हा त्यांनी तिलाच आशीर्वाद दिला असावा, हात तरी तसा हलला.

तेम्योंग पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालवत होता. ओपेंग शेजारी बसली होती. वळणाअलीकडे गोर्योचं घर लागलं. ओसरीत काचेचं कपाट होतं, आणि त्यातला दिवा आज विझवलेला होता. गोर्यो टोपी काढून फाटकाशी उभा होता. त्याच्या परसातले कोंबडे बँडच्या आवाजाने चाळवले होते, आणि तेम्योंगची खिडकी फाटकासमोर आली नेमकी तेव्हाच त्यातला एक मान ताणून आरवला. लांब, स्वच्छ. सेन्योरचा आवाज असाच होता.

तेम्योंगने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, पण डोळ्यांवर त्याचा ताबा राहिला नाही. पाणी गालांवरून मिशीत, मिशीतून सदऱ्यावर. रस्त्याच्या कडेच्या बायकांनी काचेतून ते पाहिलं आणि एकमेकींना कोपराने ढोसलं. "बघ गं, बघ. कोंबडा आरवला आणि कसा रडतोय बघ, थेट पेद्रोसारखा!" कुणी छातीवर क्रूस केला. गाड्याबरोबर चालणाऱ्या तिया सेपाची मान ताठ झाली. "एवढी वर्षं ओढतोय," ती शेजारणीला म्हणाली, "आज कुठे त्याला सान पेद्रो कळला."

ओपेंगने सीटखालून वंगणाचं फडकं काढलं आणि त्याचा त्यातल्या त्यात स्वच्छ कोपरा त्याच्या डोळ्यांना लावला.

"तीनदा नाही म्हटलं गं मी," तेम्योंग म्हणाला. "तीनदा विचारलं त्याने."

"ठाऊक आहे मला," ओपेंग म्हणाली. तिने मागे वळून सान पेद्रोकडे पाहिलं, त्याच्या कमरेच्या डागाळलेल्या दोरीकडे, हातातल्या चाव्यांकडे. "यानेपण तीनदाच म्हटलं होतं. पण त्याच्या हातातल्या चाव्या कुणी काढून घेतल्या नाहीत. तू गाडी चालव. पुढे वळण आहे."